दहा अंशांची मुभा

रबाळ्याच्या शेडमध्ये, पत्र्याखाली,
तांब्याच्या एका रेघेचा हिशेब मांडून बसले आहे.
रेघ एक मिलिमीटर रुंद.
जाडी पस्तीस मायक्रॉन,
म्हणजे माझ्या केसाच्या जेमतेम निम्मी.
तिने किती अँपिअर वाहावेत
आणि तरी दहा अंशांपलीकडे तापू नये?

कोष्टक म्हणतं, दोन पूर्णांक चार.
तीच रेघ बोर्डाच्या पोटातल्या थरात घातली
तर त्याच्या निम्मे.
वारा लागत नाही तिथे, एवढाच तिचा गुन्हा.
आणि रुंदी दुप्पट केली तर करंट दुप्पट नव्हे,
दीडपटीहून थोडा जास्त.
प्रधानसाहेबांना हे तीनदा सांगून झालं.
ते म्हणतात, बोर्ड दोन सेंटिमीटर लहान कर,
डब्याचा साचा आधीच काढलाय.

टेबलावर परत आलेला बोर्ड.
कोपरखैरण्याच्या एका सोसायटीतल्या लिफ्टचा.
दरवाजा अर्धा मिटून थांबला
चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये,
चाळीस मिनिटं.
आत क्लासला निघालेली एक मुलगी
आणि पाण्याचे जार पोचवणारा एक माणूस.
मुलीने आपला डबा उघडून त्याला अर्धी पोळी दिली म्हणे,
आणि त्याने जार.
सर्व्हिस रिपोर्टमध्ये हे लिहायला जागा नसते,
फोनवर कळलं.

हासूराम मढवी बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरतो.
हिरवा लेप कॉफीच्या रंगाचा झालेला,
रेघ सायीसारखी सुरकुतून उचललेली,
आणि नेमकी कुठे तुटली ते मला
त्याने दाखवायच्या आधीच माहीत आहे.
कनेक्टरच्या पायांच्या दाटीतून नेताना
मी तिला अंग चोरायला लावलं होतं.
बारा मिलिमीटरपुरतं, रुंदी शून्य पूर्णांक तीन.
एवढ्याशा अंतराला काय होतंय,
असं मनात म्हणाले होते. शब्द तेच होते.
तिथे कोष्टक म्हणतं, एक अँपिअर.
दारात कुणाची पिशवी अडकली
की मोटर साडेतीन मागते.

मी त्याला समजावायला जाते :
खाडीचं पाणी मिठागरात घेतात ना,
पाट मध्येच अरुंद झाला की...
त्याच्या आज्याची मिठागरं होती, म्हणून.
तो मान हलवतो.
“पानी तापत नाय मॅडम.
बांध फुटला तं चार गावांना दिसतो.
ह्ये आतल्या आत काळं पडतं.”

मग विचारतो, सहज, फ्लक्स पुसता पुसता,
“दहा डिगरी. पन कशाच्या वर?”

फाइल उघडते.
भोवतालचं तापमान : पंचवीस.
मीच लिहिलेलं.
कुठल्या गावचं पंचवीस?
एसीच्या खोलीत बसून टाकलेला आकडा,
सवयीने, सही करावी तसा.
तो डबा बसतो गच्चीवरच्या खोलीत, पत्र्याखाली.
मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, झाकण लावून,
मी काल तिथे तापमापक ठेवून आले :
छप्पन्न.

दहा अंश छप्पन्नवर मोजायचे, मग तेवीस अंश मोटरच्या हट्टाचे,
मग शेजारच्या रेझिस्टरची उष्णता, तो तर वेगळाच तापट.
खोडते. पुन्हा मांडते.
अडीच मिलिमीटर. दोन्ही बाजूंनी. तांबं दुप्पट जाड.
बोर्ड लहान होत नाही.
उलट सहा मिलिमीटर वाढतो.

हासूराम माझ्या आकड्यांसाठी थांबलेला नाही.
परत आलेल्या अकरा बोर्डांवरचं हिरवं सालपट
त्याने ब्लेडने खरवडून काढलं आहे,
उघड्या तांब्यावर जाड तार ठेवून
वर कथील सोडलं आहे.
दिसायला ओबडधोबड, टाके घातल्यासारखं.
आता पहिला बोर्ड जोडून
तो साडेतीन अँपिअर सोडतो
आणि बोटाची पाठ तारेला लावून
मोजायला लागतो.
तापमापक शेजारीच पडला आहे.
मी तो पुढे करत नाही.

पंधरा. सोळा.
दारात प्रधानसाहेब,
हातात तो लहान डबा.
सतरा.